भिंतीवरचा पंजा

“...पण मग पंजा कधी देणार, चाचा? ऊन चढाय लागलं की.”

महालिंगनं हे तिसऱ्यांदा विचारलं.

बंदेनवाज चाचा पायरीवर बसून चपलेत रुतलेला खडा काढत होते. खडा बारका होता. चाचांना घाई नव्हती.

“हुईल की,” ते म्हणाले.

इचलकरंजीच्या त्या गल्लीत घरं एकमेकांना खांदा लावून उभी आहेत. खाली कापडाचे माग, वर माणसं, त्याच्या वर गच्ची. तीन-तीन मजले. मधला रस्ता एवढा अरुंद, की एक टेम्पो शिरला तर बायका भांडी तशीच टाकून उंबऱ्यात चढतात. त्या गल्लीत चाचांनी पन्नास वर्षं गवंड्याची थापी चालवली. आता हात थरथरायचा, म्हणून थापी खाली ठेवली होती. पण त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांची एक रीत होती, ती चालूच होती.

रीत अशी. शिकणाऱ्यानं पहिल्यांदा एखाद्या घराची दर्शनी भिंत वरपासून खालपर्यंत आपल्या डोक्यानं आणि आपल्या हातानं पुरी केली, की दाराशेजारी छातीच्या उंचीला वीतभर जागा ओली ठेवायची. उस्तादानं येऊन भिंत बघायची. पटली, तर त्या ओल्या गिलाव्यात आपला पंजा उठवायचा. त्या दिवसापासून तो माणूस मिस्त्री. तोवर गडीच, मग केस पिकले तरी.

चाचांनी आजवर पाच पंजे दिले होते. लोक येता-जाता दाखवायचे, हे अमक्याचं काम, हा बघ पंजा.

महालिंग कोष्ट्याला चाचांच्या हाताखाली अकरा वर्षं झाली होती. वय चौतीस. घरी बायको विचारायची, “आज तरी मिस्त्री म्हणू का तुम्हांस्नी?” तो हसायचा, पण ते हसणं आतपर्यंत जायचं नाही.

आणि आज ती वीतभर जागा ओली होती.

भिंत होती आदगोंडाअण्णा मगदुमांच्या घराची. पोरीचा साखरपुडा रविवारी. अण्णांनी महालिंगला सांगितलं होतं, “खर्चाकडं बघू नगंस. गल्लीनं तोंडात बोट घातलं पायजे.”

महालिंगनं मन लावून काम केलं होतं. सगळी भिंत कोळशासारख्या काळपट करड्या रंगाची. रंग वरून लावलेला नव्हे, गिलाव्यातच कालवलेला, पावसानं उडायचा नाही. जुन्या लोखंडी जाळ्या काढून सज्ज्यांना काचेचे कठडे. मधोमध वरपासून खालपर्यंत लाकडासारख्या दिसणाऱ्या उभ्या पट्ट्या. छज्ज्यांच्या पोटाखाली दिव्यांच्या रेघा. संध्याकाळी त्या पेटल्या की गल्लीतली पोरं-थोरं मोबाइल काढून उभी राहायची.

“पुण्यात आल्यागत वाटतंय,” अण्णा म्हणायचे.

चाचांनी खडा काढला. तो नीट बाजूला ठेवला. चप्पल घातली. उठले.

महालिंगनं घाईघाईनं त्या ओल्या जागेवर पाण्याचा फवारा मारला. “या चाचा. अजून ओलं हाय.”

चाचा भिंतीकडे बघायच्या आधी त्याच्याकडे बघत राहिले.

“काम सुरू करायच्या आधी समोर चहा पिऊन आलास?”

महालिंगनं फवारा खाली ठेवला.

हीसुद्धा चाचांचीच सवय. कुठल्याही घराची दर्शनी भिंत धरायची झाली, की आधी समोरच्या घरात जाऊन बसायचं. चांगला अर्धा दिवस. चहा प्यायचा, गप्पा मारायच्या, उठून यायचं. अकरा वर्षं महालिंग त्यांच्या मागून समोरच्या जिन्यांवर चढला होता. गडी आपसात म्हणायचे, चाचांना फुकटचा चहा लई गोड लागतो. महालिंगही हसायचा.

“आता त्याची गरज लागत न्हाई, चाचा.” त्यानं खिशातून मोबाइल काढला. “हे बघा. भिंत बांधायच्या आधीच समोरनं कशी दिसणार ते यात दिसतंय. सकाळी कशी, सांजच्याला कशी. डावीकडनं बघा, उजवीकडनं बघा.”

चाचांनी मोबाइल हातात घेतला. चित्र बघितलं. भारी होतं. मग मोबाइल उलटा केला आणि त्याची पाठ बघितली. पुन्हा सुलटा केला.

“हे घर दिसतंय,” ते म्हणाले. “आन् ज्या बाजूनं बघायचं, त्या बाजूला कोण राहतंय?”

“तिकडं...? तिकडं काय, हौसाक्का. ती काय कुठं जाती? म्हातारी हाय.”

“हं.”

चाचांनी मोबाइल त्याच्या हातात ठेवला आणि रस्ता ओलांडायला लागले.

“चाचा! ओलं हाय ते! तासाभरात धरंल!”

“तासभर लई झाला,” चाचा म्हणाले.

महालिंगनं गिलाव्याकडे बघितलं, चाचांच्या पाठीकडे बघितलं. शेवटी एक ओलं फडकं त्या जागेवर टांगलं आणि धावत त्यांच्या मागे गेला.

हौसाक्काचा जिना उभा आणि अंधारा. चाचा एकेक पायरी चढत होते, मधे थांबत होते. मागून महालिंगचा जीव वरखाली होत होता, पण उस्तादाला ओलांडून पुढं कसं जायचं?

वर एकच खोली. उत्तरेला एक खिडकी. खिडकीला लागून हौसाक्का चरख्यावर कांड्या भरत बसली होती. मागाच्या धोट्यात घालायच्या, सूत गुंडाळलेल्या त्या बारक्या कांड्या. गल्लीत सगळीकडे त्याची मशीनं आली, पण रंगीत सुताचं नाजूक काम एक मागवाला अजून हौसाक्काकडेच पाठवायचा. तिच्या हातचा धागा माग चालताना तुटत नाही म्हणायचा.

डोक्यावर वायरीनं लोंबणारा बल्ब चालू होता.

“या, या चाचा! किती दिसानी पाय लागलं. आन् महालिंगा, तूबी ये बाबा. बसा. चहा टाकते.”

“टाक की,” चाचा पोत्यावर टेकत म्हणाले. “त्याच्यासाठीच आलोय.”

महालिंग टेकला नाही. तो दाराशी उभा राहिला.

हौसाक्कानं चहाचं आधण ठेवलं. डब्यातून शेंगदाण्याचा लाडू काढून महालिंगच्या हातात दिला आणि त्याचा हात तसाच धरून ठेवला.

“लई उपकार झालं बघ तुझं.”

“माझं? कशाचं आक्का?”

“वर काम चालू होतं तवा माझ्या खिडकीला ओलं पोतं टांगलं होतंस न्हवं? धुरळ्याचा कण आत आला न्हाई. सुताला धूळ बसली की सगळं वाया जातंय. कोण करतं रं एवढं दुसऱ्याचं? तुझ्या आईला सांगणार हाय मी.”

महालिंगला बरं वाटलं. चाचांनी ऐकलं की नाही, ते त्यानं हळूच बघून घेतलं. चाचा बशी शोधत होते.

चहा ओतून हौसाक्का पुन्हा चरख्यावर बसली. दोन फेरे हात फिरवला, की मान वर करून समोर बघायची. पुन्हा दोन फेरे, पुन्हा मान वर.

“आक्का,” चाचांनी बशीत चहा ओतत विचारलं, “समोरची भिंत कशी वाटती?”

“देखणी की. सारखी तिकडंच नजर जाती बघा. धागा सोडून तीच बघत बसते. अण्णाच्या घराचं सोनं केलं ह्या लेकरानं.”

“आन् आधीची? आधीची कशी होती?”

हौसाक्काचा हात थांबला.

“आधीची...? पांढरी होती न्हवं? का पिवळी...?” ती स्वतःशीच हसली. “आता बघा, आठवंना. चाळीस वर्षं हितंच बसून काम केलं, पर ती भिंत कधी बघितलीच न्हाई मी.”

महालिंगला राहवलं नाही. “ऐकलं, चाचा? आधीच्या भिंतीकडं कुणी बघत नव्हतं. आता बघत्यात.”

“व्हय,” चाचा म्हणाले. “आता बघत्यात.”

आणि त्यांनी चहाचा घोट घेतला.

तेवढ्यात धागा तुटला.

हौसाक्कानं चरखा थांबवला. तुटलेलं टोक शोधायला बोटं फिरवली. सापडेना. गुंडी उचलून बल्बापाशी नेली, डोळे बारीक केले. तरी सापडेना. शेजारी दोन टोपल्या होत्या. एकीत गडद निळं सूत, एकीत काळं. तिनं एका टोपलीत हात घातला, काढला, दुसरीत घातला.

“बाबा, तू बघ. तुझं डोळं तरणं हाईत. निळ्याचं टोक पायजे.”

महालिंगनं लाडू बशीत ठेवला आणि गुंडी घेतली. बल्बाच्या पिवळ्या उजेडात निळं आणि काळं एकच दिसत होतं. त्यानं एक टोक धरलं. ते काळं दिसलं. दुसरं धरलं. तेही काळंच.

आयुष्यभराच्या सवयीनं तो खिडकीपाशी गेला, उजेडाला.

खिडकीत उजेड नव्हता.

म्हणजे होता, पण राखेसारखा. त्यानं गुंडी खिडकीच्या चौकटीवर धरली. हाताची सावलीसुद्धा पडत नव्हती. त्यानं वर बघितलं. समोर त्याची भिंत होती. दक्षिणेला तोंड केलेली, वरचे दोन मजले भर उन्हात. दहा वाजलेले, ऊन चांगलं रणरणीत. ते ऊन भिंतीवर पडत होतं आणि तिथंच राहत होतं.

“आक्का...” तो वळला नाही. “हा बल्ब दिवसा कधीपासनं लावताय?”

“झालं की आठ दिस.”

“आठ दिस...”

“आठ दिसांत डोळं गेलंच बघ एकदम. आधी कळलंबी न्हाई. परवा निळ्याच्या कांड्या काळ्याच्या पेटीत गेल्या. मागावर पट्टा उठला कापडाला. मालक काय बोलला न्हाई, देवमाणूस हाय, पर मलाच लाज वाटली. जावयानं डोळ्यात घालायला थेंब आणून दिल्यात, घालते. आता वय झालं म्हणायचं.” तिनं पदरानं चरख्याची धूळ पुसली. तिथं धूळ नव्हती. “सांगितलंय मालकाला. सोमवारपासनं सूत पाठवू नगा. चाळीस वर्षं साथ दिली डोळ्यांनी. ह्याच्यावर चार पोरं वाढवली. लई झालं की रं. किती मागायचं माणसानं?”

महालिंगला गुंडीतलं टोक अजून सापडलं नव्हतं.

त्यानं चाचांकडे बघितलं. चाचांनी बशी पालथी घातली. ओठ पुसले.

खालून अण्णांची हाक आली. “महालिंगाऽऽ! आरं, फडकं वाळलं की! गिलावा धरतोय बघ! चाचांस्नी आण लवकर!”

चाचा गुडघ्यांवर हात ठेवून उठले. महालिंगच्या जवळ आले. आपला उजवा हात त्याच्यापुढं उघडला. रुंद, चिरा पडलेला, कडेनं चुन्यानं खाल्लेला हात. थरथरत होता.

“चल,” ते म्हणाले. “हात तयार हाय. कुठं ठेवू, सांग.”

महालिंगनं त्या हाताकडे बघितलं. अकरा वर्षं त्यानं या हाताची वाट बघितली होती.

“चाचा... तुमाला ठाऊक होतं?”

“मला काय ठाऊक? मी आत्ता आलो. चहा प्यायला.”

“थांबा जरा,” महालिंग म्हणाला. गुंडी त्यानं हौसाक्काच्या मांडीवर ठेवली आणि जिना उतरला.

दाराशी अण्णा फवारा घेऊन उभे होते, लग्नात वऱ्हाडावर गुलाबपाणी मारावं तसे. “कुठं हाईत चाचा? बघ, अजून ओलं हाय. मी राखलंय!”

महालिंगनं फडकं उचललं. बोट टेकवून बघितलं. बोट थोडं रुतलं. अजून जागा जिवंत होती. चाचांना हाक मारली असती, तर ते आले असते. पंजा उठला असता. नाही म्हणाले नसते ते.

त्यानं फडकं खाली टाकलं.

“वाळू द्या, अण्णा. तुमी वर चला.”

“वर कुठं?”

“आक्काकडं.”

“आरं, मला आचाऱ्याकडं जायचंय! वर काय हाय?”

“तुमचं घर.”

अण्णा त्याच्याकडे बघतच राहिले. हा उन्हानं फिरला की काय, असं त्यांना वाटलं असावं. पण महालिंगचा चेहरा बघून त्यांनी फवारा ठेवला आणि मागून निघाले.

खिडकीपाशी आल्यावर अण्णांनी चौकटीला हात टेकून समोर बघितलं. दोन घरांमध्ये दहा-बारा हात अंतर, पण घरमालकाला आपलं घर असं कधी दिसतं? खालून मान वाकडी करून दिसतं तेवढंच. इथून ते पुरं दिसत होतं, वरपासून खालपर्यंत.

“आयला...” अण्णा म्हणाले. “हे माझं घर? एवढं देखणं हाय?”

त्यांनी मोबाइल काढला, फोटो काढला. दुसरा काढला. मग वळले.

“आक्का, लहानपणी मी हितं अभ्यासाला बसायचो, आठवतंय? ह्याच खिडकीत.”

“न आठवाय काय झालं? सगळं शेंगदाणं संपवायचास.”

“आमच्या घरात पुस्तक दिसायचं न्हाई. हितं उजेड लई...”

अण्णा बोलता बोलता थांबले. त्यांची नजर बल्बावर गेली. बल्बावरून चरख्यावर. चरख्यावरून खिडकीकडे.

“आक्का, दिवसा बल्ब?”

“डोळं गेलं बाबा. वय झालं की आता. तू बस, चहा टाकते. साखरपुड्याची तयारी कुठवर आली?”

अण्णा बसले नाहीत. “येतो आक्का,” म्हणाले आणि बाहेर पडले; मागोमाग महालिंग आणि चाचाही.

जिन्याच्या मधल्या पायरीवर तिघं थांबले. अंधार होता, एकमेकांची तोंडं नीट दिसत नव्हती. त्यामुळे बोलणं सोपं झालं.

“आक्काचं डोळं गेलं न्हाईत, अण्णा,” महालिंग हळू आवाजात म्हणाला. “तुमची भिंत गेली. तिचा उजेड तुमच्या भिंतीवरनं उलटून येत होता. मी तो काळा केला.”

“वरचं दोन मजलं पुन्हा करायला पायजेत,” महालिंगच पुढं म्हणाला. “ पांढऱ्या चुन्यात. खालचा करडाच राहू दे, तिथं ऊन येतच न्हाई.”

“आन् साखरपुडा?” अण्णांचा आवाज चढला, मग त्यांनी तो स्वतःच खाली आणला. “आरं, पोरीनं फोटो टाकल्यात सगळीकडं. पाव्हणं काळं घर बघून येणार, आन् हितं अर्धं काळं, अर्धं पांढरं? घर चुकलं म्हणून माघारी जातील की रं!”

महालिंगनं ते ऐकून घेतलं. चुकी त्याची होती. चुकी करणाऱ्यानं घाई करायची नसते.

अण्णांनी चाचांकडे बघितलं. “चाचा, तुमी तरी सांगा काय तर.”

चाचा भिंतीला धरून पुढची पायरी चाचपत होते. “मला खालची पायरी दिसंना,” ते म्हणाले. “हात धर जरा.”

अण्णांनी त्यांचा हात धरला. दोघं सावकाश उतरले. दारात उजेडाला आल्यावर अण्णा उभे राहिले. वर हौसाक्काच्या खिडकीकडे बघितलं. तिथून चरख्याचा आवाज येत होता. दोन फेरे, मग थांबलेला. पुन्हा दोन फेरे, पुन्हा थांबलेला.

“मॅट्रिकला गणितात मला पंच्याऐंशी होतं,” अण्णा अचानक म्हणाले. कुणालाच सांगितल्यासारखं नव्हतं ते.

नाक ओढलं.

“किती दिस लागतील?”

“चौघं गडी मिळालं तर दोन. शनिवार संध्याकाळपतोर.”

“मग हुबारलायस काय? परांची चढव की!”

महालिंग दाराशी गेला. ती वीतभर जागा आता कडक झाली होती. त्यानं थापी घेतली आणि बाजूच्या पोतासारखीच ती घासून सपाट केली. आता ती भिंतीच्या बाकीच्या अंगासारखी दिसत होती. कुणी कशाची वाट बघत होतं, असं वाटलं नसतं.

त्याच दिवशी, गुरुवारी दुपारपासून, नवा गिलावा धरावा म्हणून भिंतीला टाचे मारायला सुरुवात झाली. नव्याकोऱ्या भिंतीवर छिन्नी चालवताना महालिंगचा हात पहिल्यांदा उचलेना. मग उचलला. गडी आपसात कुजबुजले, मिस्त्री व्हायचा सोडून वेडा झाला. त्यानं ऐकलं. छिन्नी चालू ठेवली. हौसाक्काच्या खिडकीला पुन्हा ओलं पोतं टांगायला मात्र तो विसरला नव्हता. पहिलं तेच केलं होतं.

चाचा खाली दगडावर बसून राहायचे. चुना कालवला की गडी त्यांच्यापुढं आणायचे. चाचा चिमूटभर बोटांत घेऊन चोळायचे, नाही म्हणायचे. पुन्हा कालवायचा. पुन्हा नाही. महालिंगला पूर्वी याचा राग यायचा. या वेळी आला नाही. आपल्याला अजून कुणीतरी नाही म्हणतंय, हेच त्याला बरं वाटत होतं.

लाकडासारख्या पट्ट्या वरच्या दोन मजल्यांवरून काढाव्या लागल्या. काचेचे कठडे राहिले. मोबाइलातल्या चित्रात होतं तसं आता काहीच राहिलं नव्हतं. पण शनिवारी सकाळी हौसाक्काच्या खिडकीचं पोतं काढलं, तेव्हा खाली करडं आणि वर पांढरं असं ते घर धोतर सावरून, पागोटं बांधून उभ्या राहिलेल्या माणसासारखं दिसत होतं.

“उलटं हाय की रं,” अण्णा म्हणाले. “धोतर काळं आन् पागोटं पांढरं.” मग बराच वेळ बघून म्हणाले, “पर माणूस भला वाटतोय.”

दहा वाजता ऊन वरच्या मजल्यांवर आलं. महालिंग हौसाक्काच्या जिन्यावरून वर गेला. दारातच थांबला.

बल्ब बंद होता.

चरखा चालू होता, न थांबता. खिडकीतून आलेला पांढरा, मऊ उजेड तिच्या मांडीवर, हातांवर, सुतावर पडला होता. दोन्ही टोपल्यांतलं निळं निळं दिसत होतं आणि काळं काळं.

“आक्का...”

“कोण? महालिंगा? ये की बाबा.” तिनं मान वर केली नाही. “एक गंमत सांगू? डोळं आलं बघ माघारी!”

“व्हय?”

“सकाळी उठले, आन् सगळं लख्ख. जावयानं दिलेलं थेंब लई गुणाचं निघालं. मी उगंच त्याला नावं ठेवत होते इतकी वर्षं. मालकाला निरोप धाडलाय, सूत बंद करू नगा म्हणून. दुप्पट पाठवा म्हटलंय!” ती खळखळून हसली. “देवाचं उपकार, आन् जावयाचं.”

महालिंगनं तोंड उघडलं. हातांना पडलेल्या भेगा, दोन दिवसांत घासून काढलेली भिंत, पुसलेली ती वीतभर जागा, सगळं ओठांपर्यंत आलं.

“व्हय आक्का,” तो म्हणाला. “थेंब लई गुणाचं.”

त्याला हसू आलं. या खेपेला ते आतपर्यंत गेलं. तिथं उभ्या उभ्या त्यानं हात जोडले. कुणाला जोडले, ते त्यालाही सांगता आलं नसतं. हौसाक्कानं ते बघितलं नाही. ती कामात होती.

तो खाली आला, तेव्हा चाचा दगडावर नव्हते.

गडी सगळे वर बघत होते. चाचा बांबूच्या परांचीवर चढले होते. एका गड्यानं खालून हात दिला होता, दुसऱ्यानं वरून. सत्तरी पार केलेला माणूस, तिसऱ्या मजल्याच्या उंचीला, गच्चीच्या कठड्याखाली उभा. तिथं शेवटचा थोडा गिलावा अजून ओला होता.

महालिंग तीन उड्यांत वर चढला. “चाचा! काय करताय? पडशीला की!”

चाचांनी धोतराला हात पुसला. श्वास जमवला. मग उजवा हात उघडला आणि त्या पांढऱ्या, ओल्या चुन्यावर टेकवला. थरथरणारा हात टेकला आणि थरथर थांबली. ते दाबून उभे राहिले, जितका वेळ राहायचं तितका वेळ. मग हात काढला.

पाच बोटं. चिरांसकट.

महालिंगच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते पुसायचं त्याला सुचलं नाही. तो वाकून चाचांच्या पायांना हात लावायला गेला, तर परांची हलली. चाचा म्हणाले, “खाली गेल्यावर, खाली गेल्यावर.”

मग महालिंग पुन्हा पंजाकडे वळला.

“पर चाचा... हितं, एवढ्या वर? पंजा दाराजवळ असतोय. हितं कुणाला दिसणार?”

चाचांनी समोर हौसाक्काच्या खिडकीकडे हात केला.

महालिंगनं बघितलं. खिडकीत उजेड भरला होता. चरखा फिरत होता. हौसाक्काची मान खाली, बोटं सुतावर.

“आक्का? पर चाचा, आक्का तर आता मानबी वर करत न्हाई. ती कुठं बघती हिकडं?”

चाचा हाताला लागलेला चुना चोळून झटकत होते.

“म्हणून तर हितं.”